रंग नंतर, आधी तेल-पाणी

"जर्मन गाडी आहे साहेब, दार लावून बघा," असं जुनी पोलो विकणारा प्रत्येक जण सांगतो. गिऱ्हाईक दार लावून बघतं, 'धप्प' असा घट्ट आवाज येतो आणि निम्मा सौदा तिथेच होतो. आवाज खरोखरच छान असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातून फक्त दाराची घडण कळते. गेली आठ-दहा वर्षं इंजिनात वेळेवर ऑईल पडलं का, हे त्या आवाजात ऐकू येत नाही. आणि घेतल्यानंतर खिसा रिकामा होतो तो नेमका त्यापायी.

फोक्सवॅगन पोलो नावाने जर्मन असली तरी आपल्या रस्त्यांवरची पोलो चाकणची. पुण्याजवळच्या या कारखान्याचं उद्घाटन मार्च २००९ मध्ये झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे पोलोचं उत्पादन सुरू झालं. २०१० च्या सुरुवातीला ती बाजारात आली. त्या वर्षी 'युरोपियन कार ऑफ द इयर' आणि 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' हे दोन्ही मान याच पिढीच्या पोलोला मिळाले होते. २०२२ मध्ये 'लेजंड' नावाच्या ७०० गाड्या काढून कंपनीने भारतातली पोलो थांबवली. नवी मिळत नाही, चाहते मात्र कमी झालेले नाहीत. त्यामुळे जुन्या बाजारात तिला अजून चांगली मागणी आहे. दुसरीकडे, सुरुवातीच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरत आली आहेत किंवा भरलीही आहेत.

पेट्रोलमध्ये तुमच्यासमोर प्रामुख्याने तीन इंजिनं येतील. पहिलं १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं 'एमपीआय', ७५ अश्वशक्तीचं, २०१८ पर्यंत चाललेलं. त्यानंतर आलेलं १.० लिटरचं एमपीआय. ताकद जवळजवळ तेवढीच, पण ओढ कमी. आणि २०१३ मध्ये 'जीटी टीएसआय' या नावाने आलेलं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्तीचं, सोबत सात गिअरचा ऑटोमॅटिक 'डीएसजी' गिअरबॉक्स. २०२० नंतरचं १.० टीएसआय अजून तसं तरुण आहे, त्याचा विचार इथे नको.

'जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला हे अर्धंच पटतं. काही पार्ट महाग आहेत, हे खरं. पण पोलोचे बरेचसे पार्ट व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडलाही चालतात, त्यामुळे ते मिळतात. शिवाय बॉश, मान, माहले, सॅक्स अशा पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा माल खुल्या बाजारात असतो. मोठी बिलं बहुतेक वेळा होतात ती स्वस्त कामं पुढे ढकलल्यामुळे. कूलंटऐवजी नळाचं पाणी, वर्षाच्या ऑईलऐवजी 'अजून काळं कुठे झालंय?' हा युक्तिवाद. म्हणून गाडी पाहायला गेलात की रंग आणि अलॉय व्हील नंतर बघा. आधी तेल-पाणी आणि रबर बघा. रंग दोन दिवसांत नवा करता येतो, ऑईलचा दहा वर्षांचा इतिहास नव्याने लिहिता येत नाही.

पाहायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर का सुरू केली होती ते विचारा. उत्तर काहीही आलं तरी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिनाच्या पहिल्या दहा सेकंदांत जे कळतं ते नंतरच्या तासाभरात कळत नाही.

याचं कारण टायमिंग चेन. १.२ एमपीआयमध्ये क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारा रबरी पट्टा नसून लोखंडी साखळी आहे. पिस्टन वर येताना व्हॉल्व्हनी वाटेतून बाजूला व्हायचं, हा ताल ही साखळी सांभाळते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर दाब तयार होईपर्यंत साखळी क्षणभर सैल असते. एक-दोन सेकंद बारीक खडखड आली तर घाबरायचं कारण नाही. ती चालूच राहिली, किंवा जरा अॅक्सिलरेटर दिल्यावर परत ऐकू आली, तर साखळी लांबली आहे किंवा टेन्शनर थकला आहे. साखळीने दात सोडला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

'बेल्ट नाही, चेन आहे, आयुष्यभर बघायला नको,' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. ते वेळेवर ऑईल बदललेल्या गाडीपुरतं खरं आहे. जुन्या, घट्ट झालेल्या ऑईलमध्ये टेन्शनरपर्यंत दाब उशिरा पोचतो आणि साखळीच्या पिना झिजतात. जाता जाता एक: चढावर गाडी लावताना आधी हँडब्रेक घट्ट ओढा, मग गिअर टाका. नुसत्या गिअरवर सोडलेली गाडी मागे सरकली की बंद इंजिन उलटं फिरतं, आणि दाब नसलेल्या सैल साखळीला ते मानवत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर गाडी किंचित थरथरेल. तीन सिलिंडरचा हा स्वभाव आहे. तिन्ही पिस्टनचे धक्के एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झोके देत राहतात. चार सिलिंडरमध्ये ते बरेचसे एकमेकांना छेद देतात. पण स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्ड सगळंच दणदणत असेल तर इंजिन माउंटचं रबर संपलेलं आहे. एसी लावून बघा. थरथर एकदम वाढली तर शंका पक्की धरा.

आता डिपस्टिक. ऑईल काळं असणं हा गुन्हा नाही. पातळी खाली असणं आणि त्याला जळका वास असणं वाईट. ऑईल भरायचं झाकण उघडून आत बघा. दुधाच्या सायीसारखा थर असेल तर आत पाणी शिरतंय. पावसाळ्यात नुसती भाजी आणायला फिरवलेल्या गाडीत तो थोडासा येऊ शकतो, पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. याच कारणाने 'बाई माणसाने चालवलेली, फक्त वीस हजार किलोमीटर' या जाहिरातीवर भाळू नका. कोण चालवत होतं याचा इंजिनाशी संबंध नाही, पण दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. इंजिन पुरतं तापत नाही, ओल उडून जात नाही, पेट्रोलचा अंश ऑईलमध्ये उतरतो. रोज साठ किलोमीटर हायवेवर जाणाऱ्या गाडीचं इंजिन आतून जास्त स्वच्छ निघतं.

कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असते, झाकण न उघडताही रंग दिसतो. या गाड्यांना कंपनीचा गुलाबी किंवा जांभळट कूलंट लागतो, जी-१२ किंवा जी-१३ नावाने मिळणारा. टाकीत हिरवं दिसलं तर कोणीतरी जवळच्या दुकानातलं ओतलंय. तपकिरी दिसलं तर दोन जाती मिसळल्या आहेत किंवा नळाचं पाणी गेलंय. मिसळलेल्या कूलंटचा गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या व हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मोबाइलच्या उजेडात थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराकडे आणि पाण्याच्या पंपाकडे पाहा. तापून-गार होऊन हे प्लॅस्टिक तडकतं आणि सांध्याशी वाळलेली गुलाबी पूड दिसते. ती दिसली म्हणजे गळती आहे, भले खाली थेंबही पडत नसो.

चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. 'लागायला हवेत' हे महत्त्वाचं, कारण एअरबॅगचा दिवा काढून टाकणं हा दोष लपवण्याचा जुना धंदा आहे. 'ईपीसी' अशी पिवळी अक्षरं आणि लुकलुकणारा इंजिनाचा दिवा दिसला तर बहुधा एखादी इग्निशन कॉइल गेलेली असते. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, बदलणं सोपं. पण दिवा लुकलुकत असताना गाडी पळवत राहणं महागात पडतं: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. एकाच वेळी चार-पाच दिवे लागले तर घाबरण्याआधी बॅटरी तपासा. व्होल्टेज उतरलं की या गाड्या नसलेले आजार सांगू लागतात.

यासाठी जर्मन गाड्यांचं काम करणारा एखादा बाहेरचा मेकॅनिक गाठा आणि त्याचा स्कॅनर लावून घ्या. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडला की इंजिन, एबीएस, एअरबॅग अशा प्रत्येक कंट्रोल युनिटमधले साठलेले दोष वाचता येतात. मीटर मागे फिरवलेला असला तरी एखाद्या युनिटमध्ये जुने किलोमीटर राहून गेलेले सापडतात. या तपासणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टर्बोच्या जीटी टीएसआयचं गणित निराळं. चालवायला ही गाडी इतकी मजेदार की चाचणीला निघालेला माणूस दोष शोधायचं विसरतो. तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. एमपीआयसारखं व्हॉल्व्हच्या मागे पडत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी धरते. खरा प्रश्न मात्र डीएसजीचा. त्यात दोन कोरडे क्लच असतात, एक एक-तीन-पाच-सात या गिअरसाठी आणि दुसरा दोन-चार-सहासाठी. 'मेकॅट्रॉनिक' नावाचं युनिट त्यांना चालवतं. या जातीच्या गिअरबॉक्ससाठी २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत मागवाव्या लागल्या. त्याच वर्षी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर ऑईल काढून खनिज ऑईल घालायची मोहीम कंपनीने काढली, कारण उष्ण-दमट हवेत सिंथेटिक ऑईलमुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. उष्ण-दमट म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको.

डीएसजी तपासायचा तर मोकळा रस्ता उपयोगाचा नाही. गर्दीत न्या. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी घोड्यासारखी बिचकते का, चढावर रिव्हर्स घेताना थरथरते का, मीटरमधली गिअरची अक्षरं लुकलुकतात का, हे बघा. यातलं काहीही आढळलं आणि गिअरबॉक्सच्या कामाची बिलं नसतील, तर किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या.

बॉडी तपासताना पोलोची एक सोय आहे. तिचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असल्याने सहसा गंजत नाही. म्हणून दाराच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीत गंज दिसला तर तिथे अपघातानंतरचं डेंटिंग-पेंटिंग झालं असण्याची शक्यता मोठी. सगळ्या काचांवरचा निर्मात्याचा शिक्का आणि वर्षाचा आकडा जुळतो का पाहा. एकच वेगळी निघाली तर का बदलली ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं. सहा-सात वर्षांचं टायर खोल नक्षीचं असलं तरी बदलायचं धरून चाला.

महाराष्ट्रात एक तपासणी टाळू नये: पुराची. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या किती धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा; रोज कोणी तेवढा ओढत नाही, त्यामुळे पुराच्या गढूळ पाण्याची रेघ तिथे शाबूत राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यातला बारीक गाळ आणि कार्पेटखालच्या फोमचा कुबट वास हीसुद्धा चुगलखोर मंडळी. मात्र मागच्या सीटपुढे नुसती ओल असेल तर तो पूर असेलच असं नाही. दाराच्या आतलं सील सुटून किंवा वायपरखालच्या खाचेतला निचरा पाचोळ्याने तुंबूनही पावसाचं पाणी आत येतं.

सुरक्षेबाबत एक तारीख लक्षात ठेवा. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतीय पोलोच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. सांगाडा दोन्हींचा मजबूत ठरला होता. फरक केवळ एअरबॅगांचा. कंपनीने त्यानंतर बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. त्याआधीची खालच्या दर्जाची मॉडेलं अजून बाजारात फिरतात. स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

चालवताना खिडक्या खाली आणि गाणी बंद. स्पीडब्रेकरवरून हळू जा. पुढून 'टक-टक' आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं बुश, स्टिअरिंग वळवताना दणका आला तर स्ट्रट माउंट. ही कामं फार महाग नाहीत, पण भाव करायला उपयोगी. रिव्हर्स गिअर नॉब खाली दाबून, डावीकडे नेऊन पुढे पडतो. तो सहज पडायला हवा. चारही काचा वर-खाली करून बघा, कारण आतली प्लॅस्टिकची क्लिप तुटून काच दारात घसरणं हे या गाडीचं जुनं दुखणं. एसी भर दुपारी वीस मिनिटं लावा. कूलिंग कॉइल गळत असेल तर पार्टपेक्षा डॅशबोर्ड उतरवायची मजुरी जास्त होते.

गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात मागच्या मालकाच्या शब्दावर न जाता सगळं नव्याने करा: व्हीडब्ल्यू ५०२ ०० हा दर्जा असलेलं सिंथेटिक ऑईल, सगळे फिल्टर, प्लग, पूर्ण धुऊन नवा कूलंट आणि ब्रेक ऑईल. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. बहुतेक जुन्या गाड्यांत ते कधीच बदललेलं नसतं. कंपनीची सर्व्हिस १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. शहरात चालणाऱ्या जुन्या गाडीला मी दहा हजार धरेन, आणि वर्ष मात्र कधीच ओलांडू देणार नाही. या सगळ्यासाठी गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला काढूनच सौद्याला बसावं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या पोलो त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे मायलेज थोडं घटणार. त्याहून महत्त्वाचं, ते ओल शोषतं आणि जुन्या रबरावर परिणाम करतं. इंधनाचे पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासून घ्या, आणि अर्धी टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. उभी गाडी उंदरांनाही आवडते. वायरिंग कुरतडलं की दोष शोधण्यातच मेकॅनिकचा दिवस जातो.

कागदपत्रांत आरसीवरचं बँकेचं नाव, ज्याला एजंट मंडळी 'एचपी' म्हणतात, उतरलेलं हवं. थकलेली ई-चलनं, विम्यातले जुने क्लेम आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट पाहा. पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०११ ची गाडी स्वस्त मिळाली तर हा खर्च तिच्या किमतीत मिळवूनच तुलना करा.

मला विचाराल तर पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने २०१४ ते २०१८ मधली १.२ एमपीआय, मॅन्युअल गिअरची, दोन एअरबॅगची आणि बिलांची फाइल असलेली पोलो शोधावी. ती झटकन पळत नाही, गाडी भरली की घाटात दुसरा गिअर मागते, पण तिचं दुखणं गल्लीतल्या शहाण्या मेकॅनिकला कळतं. जीटी टीएसआय ही हौस आहे. हौसेचं मोल द्यायची तयारी असेल तर जरूर घ्या. आणि तुम्ही विकणारे असाल तर एवढं करा: पैसे मिळाले म्हणून निश्चिंत होऊ नका, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याचीच.